कासेची डबी

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
७ जानेवारी २०२४

वहिनी,

फोन केला की तुझा भाऊ सांडू उचलतो आणि माझा आवाज कानी पडताच ठेवून देतो. त्याचा राग मला कळतो. ज्या मुलीशी लग्न ठरलं तिनंच नाही म्हटलं, तर कुणीही फोन ठेवील. पण मला बोलायचंय तुझ्याशी, म्हणून हे पत्र. तुमचे पोस्टमन पुंजाराम तुझ्याच हातात देतील, असं आवडाबाई म्हणाल्या.

तुमच्या गावच्या आवडाबाई मला औरंगपुऱ्यात भेटतात. मंडईत मेथी-पालक घेऊन बसतात आणि माझं कॉलेज तिथून पाच मिनिटांवर. काल त्यांनी सांगितलं की तुझ्या दोन शेळ्यांना दगडी झाली. कास दगडासारखी घट्ट, हात लावू देत नाहीत, दुधात गाठी. "नऊ शेळ्यांवर जगती ती पोरगी," त्या म्हणाल्या, "फाट्यावरच्या हॉटेलाला दूध घालती, कुणापुढं हात पसरत नाय. ह्या गेल्या तर बाप म्हनंल, चल, दुसरीकडं देतो तुला."

ते ऐकलं आणि मी तशीच प्रयोगशाळेत पळाले. कारण वहिनी, मी नेमकं त्याच जंतूवर काम करते आहे! तू विश्वास ठेवणार नाहीस, पण एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी दगडीचाच जंतू निवडला. वर्गातल्या मुली हसल्या. कुणी पाण्यातले जंतू घेतले, कुणी दवाखान्यातले. मी म्हटलं, मला कासेतला पाहिजे. गव्हाणे मॅडम म्हणाल्या, "धनगराची आहेस, शोभतं तुला." त्यांनी ते चांगल्या अर्थानं म्हटलं. मीही तसंच घेतलं.

आता मुद्द्याचं. आपल्या कातडीवर जे तेलकट असतं ना, नाकाच्या बाजूला, कपाळावर, ते नुसतं तेल नाही, ते आपलं औषध आहे. त्यातल्या आणि दुधाच्या स्निग्धात काही आम्लं असतात, त्यांना मेदाम्लं म्हणतात. ती जंतूच्या अंगाला भोक पाडतात. जंतू म्हणजे काय, एक थेंबभर जीव आणि त्याच्याभोवती कुंपण. मेंढरांभोवती जाळीची वाघूर लावतो तसं. मेदाम्ल त्या वाघुरीत घुसतं आणि ती उसवतं. आतलं सगळं बाहेर. देवानं, निसर्गानं, तू म्हणशील त्यानं, प्रत्येक जिवाच्या अंगाला हे आधीच चोपडून ठेवलंय. लहान बाळालासुद्धा. शेळीच्या दुधात तर अशी दोन-तीन आम्लं आहेत ज्यांची नावंच लॅटिनमधल्या शेळीवरून पडलीत. ते वाचलं त्या दिवशी मी ग्रंथालयात मोठ्यानं हसले आणि शिपाईमामा ओरडले.

खोबरेल तेलात अशा आम्लाचा मोठा साठा असतो, लॉरिक आम्ल. पण ते तेलात बांधलेलं असतं, सोडवावं लागतं. मी ते सोडवलं. कागदाच्या टिकलीवर त्याचा थेंब घेतला आणि जंतू पसरलेल्या काचेच्या ताटलीत ती टिकली ठेवली. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती स्वच्छ गोल! पावसाळ्यात चंद्राला खळं पडतं ना, तसं खळं. त्या खळ्यात एक जंतू नाही. मी त्याचा फोटो आईला दाखवला. आई म्हणाली, "भाकरीला भोक पडल्यागत दिसतंय."

माझं म्हणणं असं की यातून मलम करता येईल. स्वस्त, घरचं. तुझ्या शेळ्यांसाठी. आधी मला त्या दोन शेळ्यांच्या दुधाचे नमुने हवेत. आवडाबाईंजवळ झाकणाच्या स्वच्छ बाटल्या देते आहे. पहिली धार सोडून दे, मग बाटलीत घे. तोवर जनावरांच्या डॉक्टरांना बोलाव, त्यांचं इंजेक्शन टाळू नकोस.

बाकीचं बोलायचं म्हटलं होतं. साटंलोटं ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. तू आमच्या घरी आलीस, बदल्यात मी तुमच्या घरी यायचं. मी बीएस्सीला होते. मी नाही म्हटलं आणि तुझे वडील, कडूबामामा, तुला घेऊन गेले. आजही कुणी विचारलं तर मी नाहीच म्हणेन. पण ते 'नाही' तुला नव्हतं, वहिनी. तुला घेऊन गेले तेव्हा मी दाराआड उभी होते आणि तू माझ्याकडं पाहिलं नाहीस.

दूध पाठव.

म्हाळसा


२८ जानेवारी २०२४

वहिनी,

बाटल्या पोचल्या! निरोपही पोचला. आवडाबाईंनी तो तुझ्याच आवाजात, मंडईत सगळ्यांसमोर म्हणून दाखवला: "लगीन नको म्हणली, अन् आता शेळ्यांचं दूध पायजे व्हय? सांग त्या मास्तरणीला, फुकट नाय. शेळी बरी करून दे." शेजारची मिरचीवाली इतकी हसली की तिचा तराजू पडला. मला राग आला नाही. तू माझ्याशी बोललीस, एवढंच मला ऐकू आलं.

आता ऐक काय झालं.

दुधातून जंतू वाढवले. सुंदर निघाले. खरंच सुंदर, सोनेरी ठिपके, गव्हाच्या पिठीत हळद घातल्यासारखे. याचं नाव स्टॅफिलोकॉकस ऑरियस. ऑरियस म्हणजे सोन्यासारखा. त्यांना नाव द्यावं लागतं, कुठून आले ते कळावं म्हणून. मी बाटलीवर 'द्वा' लिहिलं. द्वारकाचा द्वा.

मग लॉरिक आम्लाची टिकली ठेवली आणि रात्रभर... नाही, रात्रीचं सोड, सकाळी जाऊन पाहिलं तर खळं नाही.

नाहीच! टिकलीच्या अगदी काठापर्यंत जंतू वाढलेले. जणू टिकली हे त्यांचं पाटाचं पाणी. मी म्हटलं, आम्ल बिघडलं. नवं केलं. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जंतूवर ठेवलं, त्याला झकास खळं. 'द्वा'वर ठेवलं, काही नाही. मॅडम म्हणाल्या, "म्हाळसा, तू मापात चुकतेस." मग त्यांनी स्वतः केलं. तेही तसंच. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "हे कुठं शिकून आले गं?"

मी पहिले दोन दिवस रडवेली होते. मी तुला मलम देणार होते. मी वर्गासमोर बोलून बसले होते. पण बसमध्ये, मुकुंदवाडीच्या स्टेशनाच्या अलीकडं, माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला की अगं, हे अपयश नाहीच! हाच तर शोध आहे! मॅडमचा प्रश्न बरोबर आहे. हे शिकून आलेत. शाळा कुठं आहे?

आधी ते काय शिकतात ते सांगते, कारण ते ऐकून तुझ्याही अंगावर काटा येईल. ज्या जंतूला सतत थोडं थोडं मेदाम्ल लागत राहतं, मरण्याइतकं नाही, तो बदलतो. खरं तर एक जंतू बदलत नाही. लाखांत एखादा जरा वेगळा जन्मतो, बाकीचे मरतात, त्याची पिलावळ उरते. काहींची वरची भिंत अशी होते की तेलकट काही जवळ येऊ देत नाही. काहींना आत घुसलेलं आम्ल बाहेर फेकायचा पंप जोरात चालवता येतो. आणि सगळ्यांत भारी म्हणजे काही जंतू ते आम्ल पकडतात आणि आपल्याच वाघुरीत विणून टाकतात. जे मारायला आलं त्याचाच दोर करून कुंपण बांधतात! मी हे दादाला सांगितलं. दादा जेवत होता. म्हणाला, "म्हणजे पाव्हण्याला कापून त्याचीच चटई केली." मग मी 'द्वा'चा अर्थ सांगितला, तसा ताट घेऊन उठला. तुझं नाव निघालं की तो असाच उठतो.

शाळा कुठं, ते मला आईच्या अंगठ्यानं दाखवलं.

आई मागच्या अंगणात आपल्या दोन शेळ्यांची धार काढत होती. धार झाली, तिनं ओट्यावरची डबी उघडली, अंगठा बुडवला, आचळांना फिरवला, परत बुडवला, दुसऱ्या आचळाला. झाकण लावलं. मी रोज बघते हे, जन्मल्यापासून. कासेची डबी. शेळीचं लोणी आणि खोबरेल, वर्षानुवर्षं त्यातच भर घालायची, कधी धुवायची नाही, कधी रिकामी करायची नाही. खवट झाली की आई म्हणते, "आता मुरली." वहिनी, खवट होणं म्हणजे काय माहीत आहे? तेलात बांधलेली ती आम्लं आपोआप सुटणं. जे मी कॉलेजात स्पिरिट आणि सोडा घेऊन करते, ते डबी ओट्यावर बसून करते.

आम्लही डबीत, आणि अंगठ्यावरून परत गेलेला जंतूही डबीत. रोज थोडं आम्ल, रोज थोडे जंतू, जे उरतील ते उद्याच्या अंगठ्यावर. हाच प्रयोग परदेशात मोठमोठ्या प्रयोगशाळा नळ्यांमध्ये करतात. आपल्या घरात तो पणजीच्या आधीपासून चालू आहे.

मी चमच्याच्या टोकानं डबीतलं कणभर घेतलं. आईनं पाहिलं. "कुठं नेती ते? डबी घराबाहेर जात नाय!" मी म्हटलं, कणभर आहे गं. "कणभर का व्हईना, त्याच्यात द्वारकाचं हाय."

खरंच की. तू लग्न होऊन आलीस तेव्हा तुझ्या आईच्या डबीतला लोण्याचा गोळा आणलास आणि आपल्या डबीत मिसळलास. आणि गेलीस तेव्हा नव्या डबीत वाटीभर इथलं घेऊन गेलीस. सगळ्यांनी ते पाहिलं आणि कुणी काही बोललं नाही, कारण डबी नेणारी बाई नातं मोडून जात नसते.

कणातले जंतू वाढताहेत. कळवते.

म्हाळसा


१० फेब्रुवारी २०२४

वहिनी,

तेच निघाले. तुझ्या शेळ्यांच्या कासेतले आणि आपल्या डबीतले, दोघं एकाच तालमीतले. कुणालाही खळं पडत नाही. मॅडमनी विभागातल्या सगळ्या सरांना बोलावून ताटल्या दाखवल्या. त्यांतले एक सर, ज्यांनी मला कधी नावानं हाक मारली नव्हती, म्हणाले, "ही डबी मला बघायची आहे." मी म्हटलं, सर, ती घराबाहेर जात नाही. सगळे हसले, मीही हसले. पण मला वाटतं मी आयुष्यात इतकी ताठ उभी कधी राहिले नव्हते.

दुसरी गोष्ट याहून मोठी. मी 'द्वा'ला नुसत्या साध्या अन्नावर वाढवून पाहिलं, मेदाम्लाशिवाय, रोज ताज्या नळीत. आता काही नळ्यांत बारीक खळं दिसायला लागलंय! म्हणजे काय, तर तो पंप चालवायला, ती जाड भिंत सांभाळायला खर्च येतो. शत्रू असेपर्यंत ते ओझं परवडतं. शत्रू नसेल तर ओझं नसलेले जंतू पुढं पळतात आणि ओझंवाले मागं पडतात. सगळ्या नळ्यांत झालं नाही. काही हट्टी आहेत. पण झालंय, मी स्वतः मोजपट्टी लावलीय.

म्हणून आता जे लिहिते ते नीट वाच.

मलम मी देणार नाही. माझं मलम म्हणजे तुझ्या डबीचीच थोरली बहीण आहे. ते लावलं तर जंतू आणखी पक्के होतील. एवढे दिवस ज्याच्या मागं लागले ते मीच टाकून दिलं, आणि मला त्याचं दुःखही होत नाही. इतका आनंद झालाय खरं काय ते कळल्याचा.

तू असं कर. हात साबणानं धू, प्रत्येक शेळीआधी. कास कोमट पाण्यानं पूस, कोरडी कर. दुखणाईत शेळीची धार सगळ्यांत शेवटी. डॉक्टरांचा कोर्स पुरा कर, मध्येच सोडू नकोस. आचळाला काही चोपडू नकोस. आणि डबी रिकामी कर. आत काही ठेवू नकोस. उकळत्या पाण्यात घाल, उन्हात वाळव.

हे शेवटचं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. डबी रिकामी करायची म्हणजे आपल्या घरात काय, ते मला माहीत आहे. डबी पालथी घातली म्हणजे सोयरीक मोडली. काडीमोडाला कागद लागत नाही आपल्यात, डबी पालथी दिसली की गाव समजतं. मी हे घरात बोलले आणि दादा ताटावरून उठला.

"तू माझा संसार मोडायला निघाली का?"

मी म्हटलं, दादा, जंतू—

"जंतू गेले खड्ड्यात! ती डबी तिच्याकडं हाय म्हणून मी गप बसलोय. डबी हाय तवर ती माझी बायको हाय. तू पत्र लिवून सांगती, पालथी घाल?"

"मग जाऊन घेऊन का येत नाहीस?"

"तिच्या बापानं नेली. त्यानं आणून सोडावी."

आई मधे पडली. म्हणाली, "दोन्ही घरचे गडी वाट बघून म्हातारे व्हनार."

वहिनी, मला दोन्ही बाजू दिसतात. डबी ठेवलीस तर शेळ्या जातील, आणि शेळ्या गेल्या की तुझं स्वतःचं काही उरणार नाही, मग तुला कुणीही कुठंही देईल. डबी रिकामी केलीस तर दादा आणि सगळे समजतील की तूच मोडलंस. मी तुला हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं आई म्हणते. मला तसं वाटत नाही. खरं तुझ्याजवळ असलं पाहिजे. मग काय करायचं ते तू ठरव. तेवढा हक्क मी माझ्यासाठी मागितला होता, तो तुला नाकारून कसं चालेल?

म्हाळसा


९ मार्च २०२४

वहिनी,

उत्तर नाही. आवडाबाईंना विचारलं तर त्या जुड्या बांधत म्हणतात, "मला काय बी सांगितलं नाय तिनं." त्यांना सांगितलेलं असतं तेव्हा त्या डोळ्यांत बघून बोलतात. काल जुड्यांकडं बघून बोलल्या. म्हणजे काहीतरी आहे. मी विचारणार नाही.

आमच्याकडची बातमी: आईनं आपली डबी रिकामी केली. मी सांगून ऐकत नव्हती. मग मी तिला कॉलेजात नेलं. ती पहिल्यांदा आली. पायरीवर चपला काढायला लागली, मी म्हटलं, घालून ये गं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि किती वेळ लावूनच राहिली. मग म्हणाली, "हे आपल्या डबीतले?" हो. "एवढे?" मॅडमनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. "घरी जाते," म्हणाली, "शेळ्यांची येळ झाली."

घरी आल्यावर तिनं शेजारच्या चौघींना बोलावलं. सगळ्यांसमोर डबी धरली आणि म्हणाली, "सोयरीक मोडली नाय. सून माझीच हाय. डबी घाण झाली म्हणून धुते. ऐकलं का सगळ्यांनी?" आणि चुलीवरच्या पातेल्यात टाकली. दादा दारात उभा होता. पातेलं उकळेपर्यंत तिथून हलला नाही. आई नंतर म्हणाली, "रीत मोडली तर सांगून मोडावी. गुपचूप मोडली की लोक आपला अर्थ लावतात."

तुलाही असंच करता येईल, चार बायकांसमोर. मला फक्त एवढंच सुचवायचं होतं.

गोठ्याच्या बाजूला आता साबणाची वडी टांगली आहे. शेळीनं एकदा खाल्ली.

म्हाळसा


(वहिनीचं पत्र, वहीच्या रेघी कागदावर, आवडाबाईंच्या हाती आलेलं)

१४ एप्रिल

म्हाळसा,

तुझी चारी पत्रं आली. मी वाचत नाय असं समजू नको. दोनदा वाचते, एकदा रागानं, एकदा नीट.

माझं नाव किड्याला दिलंस ते आवडाबाईनं सगळ्या गावात सांगितलं. आता पोरं मला बघून नाक धरतात. येशील तवा बघते तुला.

डबी मी फेब्रुवारीतच रिकामी केली. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. कोणाला सांगितलं नाय. चार बायका-बियका बोलावल्या नाय. माझी डबी, माझ्या शेळ्या, कोणाला काय सांगायचं? रिकामी डबी झाकण लावून फडताळात ठेवली, आई बाबांना वाटतं भरलेली हाय. दोन्ही शेळ्या वाचल्या. एकीचं एक आचळ गेलं, तिचं दूध कमी हाय पण ती हाय. बाकीच्या सात चांगल्या. हॉटेलवाल्याला दूध चालू हाय. बापानं दुसरीकडं द्यायचं काढलं व्हतं, मी म्हणलं, नऊ शेळ्या धरून देता का त्या घरी? मग गप बसला.

सोबत दूध पाठवते. तुझं ते खळं पडतं का बघ.

आता एक काम सांगते. तू खरं बोलायची, ते मला माहीत हाय. पण यावेळी गप बस. आवडाबाई पुढल्या खेपेला मुकुंदवाडीला येईल, तुमच्या दारात मोठ्यानं सांगेल, द्वारकानं डबी पालथी घातली. एवढंच. का घातली ते नाय सांगायची. खोटं काय नाय त्यात. पालथी घातलीच हाय मी, वाळायला.

तुझा दादा डबी हाय म्हणून निवांत बसलाय. डबीशी लगीन लावलंय का त्यानं? डबी गेली तर येतो का ते बघायचंय मला. आला तर येईल. नाय आला तर माझ्या शेळ्या हायेत. पण मी हे सोडून तिकडं यायची नाय, आला तर त्यालाच ऱ्हावं लागंल चार दिस, धार काढावी लागंल.

तू नाय म्हणलीस त्याचा राग मला कधी नव्हता. तू म्हणू शकलीस त्याचा व्हता. मला कोणी विचारलंच नव्हतं.

द्वारका


२८ एप्रिल २०२४

वहिनी,

घाईत लिहिते. आवडाबाई ओसरीत पाणी पिताहेत, दुपारच्या गाडीनं परत जातील, त्यांच्याच हाती हे देते.

आधी तुझं दूध. खळं पडलं! बारीक आहे, ज्वारीच्या दाण्याएवढं, पण पडलं, आणि दोन्ही शेळ्यांच्या जंतूंना पडलं. मॅडमनी ताटली खिडकीशी धरली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. नऊ शेळ्यांतल्या दोघींच्या दुधावरून सगळं जग ठरत नाही, असं त्यांनी नंतर बजावलं, आणि ते बरोबरच आहे. डबी धुतल्यानं झालं, की हात धुतल्यानं, की औषधानं, हे वेगवेगळं करून पाहावं लागेल. मला पाहायचंय! मी पीएचडीचा अर्ज भरते आहे. डबी ठेवणारी आणखी घरं शोधायचीत, तुमच्या बाजूला, हर्सूलकडं, जिथं सांगतील तिथं. नमुन्यांची नावं मात्र यापुढं आकड्यांनी ठेवीन.

आता दादाचं.

आवडाबाई सकाळी आल्या. ओट्यावर न बसता, दारातच, टोपली डोक्यावर ठेवून ओरडल्या, "अहो बानाबाई, ऐकलं का! तुमच्या सुनंनं डबी पालथी घातली!" आईनं माझ्याकडं पाहिलं. मी भाकरी थापत होते, थापतच राहिले. माझे कान तापले होते, वहिनी. आयुष्यात पहिल्यांदा मला खरं माहीत होतं आणि मी बोलले नाही. तुला शब्द दिला नव्हता, पण तो दिल्यासारखाच होता.

दादा आतून आला. "कधी?" त्यानं विचारलं. आवडाबाई म्हणाल्या, "मला काय म्हाईत. पालथी हाय एवढं बघितलं." तो परत आत गेला. पाच मिनिटांनी बाहेर आला तो कंपनीचे कपडे बदलून. इस्त्रीचा सदरा. डोक्याला तेल.

आई म्हणाली, "ड्युटी नाय का?"

"सुट्टी टाकलीय."

"कुठं निघाला?"

"बोकड बघायला. फुलंब्रीकडं."

आज बाजार नाही, आणि त्या वाटेवर तुमचं गाव आहे. त्याला माहीत, आईला माहीत, आवडाबाईंनाही माहीत. तरी आईनं फडक्यात भाकरी बांधून दिली. कोपऱ्यावर जाऊन तो परत आला. मला वाटलं बदललं मन. त्यानं मला विचारलं, "धार काढायच्या आधी हात कशानं धुवायचे म्हणाली तू?" मी म्हटलं, साध्या साबणानं. मान हलवली आणि गेला. या वेळी मागं वळून पाहिलं नाही.

सकाळच्या गाडीनं गेलाय, म्हणजे हे तुझ्या हाती पडेल तोवर तो तुमच्या ओट्यावर येऊन बसलेला असेल. कडूबामामा त्याला पाणी देतील की नाही, माहीत नाही. तू दे. डबीचं खरं केव्हा सांगायचं ते तुझं तू ठरव, मी कधीही विचारणार नाही.

फक्त एक सांगते. तो तुला 'कशी आहेस' म्हणून विचारणार नाही. 'शेळ्या कशा हायेत' असं विचारेल. आमच्या घरातल्या गड्यांना बायकोची खुशाली दुसऱ्या कशानं विचारता येत नाही.

उत्तर सावकाश दे.

म्हाळसा